नव्या खिळ्याचा मान

साताऱ्याला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी हाताकडे बघतात. पेढे कुठेत? तर मी पेढे आणले नाहीत, सांगलीहून हळद आणली नाही, आणि डोंगर-किल्ले कसे दिसतात तेही मला विचारू नका, कारण मी मान वर करून पाहिलंच नाही. मी आणला तो संताप. तो पोटात ठेवून पित्त वाढवण्यापेक्षा कागदावर उतरवून मोकळं व्हावं म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना त्या बाजूला कधी जायचं नाही त्यांनीही वाचावं. मला राग आला ती गोष्ट आपल्या पेठेतही बिनदिक्कत चालत असते.

माझा धंदा आधी सांगतो. मी अक्षरं कोरतो. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, त्याचा ठसा तांब्यात मारायचा, आणि त्या साच्यात शिसं ओतून छापखान्यासाठी खिळे पाडायचे, असं आमच्या कारखान्याचं काम. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या एका मंडळानं नवी अंकलिपी काढायचं ठरवलं, तेव्हा तिच्यासाठी मी मुद्दाम नवं, मोठं अक्षर कोरलं. शिकणारी माणसं चाळिशी उलटलेली, चष्मा नाही, घरात उजेड बेताचा, आणि जन्मात पहिल्यांदा अक्षराशी गाठ पडणार. म्हणून ध च्या डोक्यावरची मुरड मोकळी ठेवली, भ ची घुंडी ठळक केली, आणि ब च्या पोटातली रेघ अशी जाड घेतली की शाई कमी-जास्त झाली तरी बुजू नये. डोळ्यांची पार वाट लागली, पण अक्षर साधलं. मालकांनी त्याचे खिळे ओतून पहिल्या भागासाठी साताऱ्याला आणि दुसऱ्या भागासाठी सांगलीला पाठवले. पहिला भाग छापून गावोगाव गेल्याचं कळलं तेव्हा मला राहवेना. आपण कोरलेल्या अक्षरावर बोट ठेवून कुणीतरी वाचतंय, एवढं बघायची हौस होती. पिशवीत दोन धोतरं आणि कारखान्याचे नमुन्याचे कागद टाकले आणि गाडीत बसलो.

लोणंद

लोणंदला उतरलो ते बाबर मास्तरांसाठी. हे माझे जुने स्नेही. सकाळी शाळा करतात आणि दुपारी स्वतःच्या घराच्या पडवीत बायकांचा वर्ग चालवतात. स्टेशनापासून त्यांच्या घरापर्यंत कांद्याचा वास सोबतीला होता. मास्तरांच्या मंडळींनी गुळाचा चहा दिला, आणि साखर रेशनची आहे म्हणून तीनदा दिलगिरी व्यक्त केली. आमच्याकडे साखर असूनही चहा विचारत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वर्गात आलेल्या बहुतेक बायकांचा नवरा नाहीतर मुलगा पलटणीत. लढाई सुरू झाल्यापासून या मुलखात पोस्टमनइतकी वाट कुणाचीच बघत नाहीत. मास्तर फळ्यावर अक्षर काढत होते, बायका पाट्यांवर गिरवत होत्या, आणि पायरीवर, वर्गाच्या बाहेर, एक बाई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. पन्नाशीची असेल. हात सुपात, पण नजर फळ्यावर. मास्तरांनी नाव सांगितलं, हौसाबाई.

"तुम्ही नाही का बसत आत?" मी विचारलं.

"आवं, माजं डोस्कं म्हंजी दगूड हाय," ती म्हणाली. "दोन म्हैनं बसले की. फळ्यावरचं समदं येतंय. पुस्तक उगडलं का समदा घोळ. मग सोडलं. आता हितं बसून मास्तरनीला तांदूळ निवडून देती."

"मग शिकायचं तरी कशाला मनात आलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "माजा ल्योक आसामकडं हाय. त्याचं पत्र आलं का किसन आण्णा चावडीत वाचतोय, आन माजं उत्तर बी त्योच तितं बसून लिवतोय. लय खणखणीत आवाज हाय त्याचा. समदं गाव ऐकतंय. मग त्यो काय लिवनार? मी खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा, म्हशीला वैरन घाला. ल्हान हुता तवा पायात काटा मोडला तरी पयलं मला येऊन सांगायचा. आता लढाईत हाय आन म्हशीचं इचारतोय. त्यो गावासाठनं लिवतोय, माज्यासाठनं न्हाई. मला वाचाया आलं असतं, तर त्यो मला लिवला असता."

मास्तरांनी तिची अंकलिपी माझ्या हातात दिली. मी मोठ्या ऐटीत ती उघडली. आत माझं अक्षर नव्हतं. एकही नव्हतं! होते ते कुठल्यातरी जुन्या, झिजून गोटे झालेल्या खिळ्यांचे डाग. ध ची मुरड चेपून वरच्या रेघेला चिकटलेली, त्यामुळे ध आणि घ एक झालेले. ब च्या पोटातली रेघ निम्म्या ठिकाणी उडालेली, आणि जिथे व हवा तिथे त्याचं पोट शाईनं भरलेलं.

हौसाबाईनं पानावर बोट ठेवलं. "ह्ये बगा. मास्तर ह्या अक्षराला कवा घ म्हनत्यात, कवा ध. ह्यो व आन ह्यो बी व दिसतोय, तर म्हनत्यात ह्यो ब हाय. मी इचारलं, तर म्हनलं, अर्थावरनं लावून घ्या. आवं, अर्थ ठावं असता तर पुस्तक कशाला उगडलं असतं मी?"

मी मास्तरांवर उखडलो. "मास्तर, तुम्हाला दिसलं नाही हे?"

मास्तरांचा चेहरा पडला. "मला वाचता येतं ना," ते म्हणाले. "डोळे आपोआप पुढे जातात. मला फुटकं अक्षर दिसतच नाही."

मी हौसाबाईला सांगितलं की तुमचं डोकं शाबूत आहे, पुस्तकच फुटकं आहे. तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. "छापल्यालं चुकीचं कसं आसंल?" असं म्हणून तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणीतरी छापखान्यात हलगर्जीपणा करतो, आणि इथे एक शहाणी बाई स्वतःला दगड म्हणवून घेत पायरीवर बसते! नीट छापलेलं पान घेऊन येतो असं तिला सांगून मी निघालो.

सातारा

सातारा रोड स्टेशनवरून गावात जायला जी मोटर मिळाली तिच्या मागे कोळशाचा बंब बांधलेला. पेट्रोल लढाईला गेलं आणि आमच्या वाट्याला हा धूर आला. चढ लागला की मोटर उसासा टाकून थांबायची, आणि कंडक्टर दार उघडून म्हणायचा, "चला पावणं, उतरा, जरा हात लावा." तिकीट काढून मोटर ढकलायचा हा प्रसंग मला एरवी गमतीचा वाटला असता. त्या दिवशी मी ती अशा त्वेषानं ढकलली की कंडक्टर म्हणाला, "कुस्ती खेळताय व्हय?"

छापखान्याचे मालक दादासाहेब. माणूस दिलदार. हे मुद्दाम लिहितो, कारण दिलदार माणसाशी भांडणं फार अवघड जातं आणि मला ते करावं लागलं. पुण्यातल्या छापखान्यात गेलो तर उभ्यानं काम विचारतात आणि उभ्यानंच वाटेला लावतात. इथे आधी पाय धुवायला पाणी, मग पाट. मी अंकलिपीचं तोंडातून काढलं की "आधी जेवा." घेवड्याची उसळ, भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि ठेचा असा की भांडणासाठी राखून ठेवलेले शब्द डोळ्यांतून पाण्यावाटे वाहून गेले.

जेवण झाल्यावर त्यांनी मला छापखान्यात नेलं आणि कौतुकानं एक लग्नपत्रिका हातात ठेवली. एका बड्या ऊसबागायतदाराच्या घरची. गुलाबी कागद. चार कोपऱ्यांत चार पोपट, दोन बाजूंना केळीचे खांब, मधे कलश, त्याच्यावर नारळ, नारळावर पुन्हा फुलं. आणि या सगळ्या जत्रेच्या मधोमध, हिरव्या शाईत, माझं अक्षर! चष्मा नसलेल्या माणसासाठी रात्रीचा दिवस करून कोरलेलं अक्षर पोपटाच्या चोचीखाली चेंगरून बसलेलं. ज्या माणसानं छापखान्यांना हे पोपट पहिल्यांदा विकले तो मला एकदा भेटायला हवा आहे.

"काय, सोनं केलं की नाही तुमच्या अक्षराचं?" दादासाहेब म्हणाले.

"आणि अंकलिपी कशानं छापलीत?"

"ती जुन्या पेटीतनं. तशी रीतच आहे."

ती रीत मला त्यांच्या मुलाणी चाचांनी समजावून सांगितली. चाचा तिथले सगळ्यांत जुने जुळारी, म्हणजे एकेक खिळा उचलून ओळी जुळवणारे. नवे खिळे आले की त्यांना हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि पहिलं काम लग्नपत्रिकेचं करायचं. मग मानपत्रं. धार थोडी उतरली की पुस्तकं. कडा झिजल्या की शाळेची आणि अंकलिपीची कामं. अगदीच गोटा झाला की तमाशाच्या नाहीतर कुस्त्यांच्या जाहिराती.

"नवा खिळा म्हंजी नवी नवरी हाय साहेब," चाचा म्हणाले. "तिला पयल्याच दिवशी शेतावर खुरपाया धाडत न्हाईत. आमी लय जपलंय तुमचं अक्षर."

मी पेटीतून एक ब उचलला. त्याच्या पोटात, मी भिंग लावून कोरलेल्या रेघेच्या दोन्ही अंगांना, हळद गच्च बसली होती. मग मात्र माझा तोल सुटला.

"अहो, लग्नपत्रिका वाचतं कोण?" मी ओरडलो. "ज्याला ती जाते त्याला मुलगा, मुलगी, तिथी, सगळं आधीच ठाऊक असतं! ज्याला वाचता येतं तो फुटकं अक्षरही वाचतो. ज्याला येत नाही त्यालाच धडधाकट अक्षर लागतं. आणि तुम्ही नेमकं उलटं करता!"

"अडाणी माणसाला अक्षराची पारख काय असणार?" दादासाहेब शांतपणे म्हणाले. "त्याला सगळी सारखीच."

"सारखी दिसतात म्हणूनच तर ती बाई पायरीवर बसली आहे!"

कोण बाई, कुठली पायरी, मी सगळं सांगितलं. चाचा "अरारा" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. दादासाहेब दुखावले. आपण मान केला आणि हा माणूस आपल्याच घरी जेवून आपल्यावर ओरडतो, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पहिला भाग छापून झाला आहे, कागदावर सरकारचा ताबा आहे, पुन्हा छापायला कागद आणू कुठून, एवढंच ते म्हणाले. दुसरा भाग सांगलीला गौराक्कांच्या छापखान्यात कालपासून जुळायला घेतला आहे आणि त्यांची रीतही हीच, हे मात्र त्यांनीच सांगितलं. एवढं होऊनही वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मी त्या घेतल्या आणि गाडीत रागारागानं खाल्ल्या.

सांगली

सांगलीत हळदीच्या पेठेतून जाताना मला शिंकांनी बेजार केलं. एरवी मी हळदीला नावं ठेवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी प्रत्येक पोतं बघून मला माझ्या ब चं पोट आठवत होतं.

गौराक्का हे काही निराळंच पात्र. माहेर अथणीकडचं, घरात सगळं कानडी. लग्न होऊन सांगलीला आल्या, नवरा गेला, तेव्हापासून छापखाना एकट्या चालवतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात पान, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मला बघताच म्हणाल्या, "या की, बसा की. भडंग खाणार न्हवं?"

साताऱ्याचा धडा ताजा होता. "आधी भांडण, मग भडंग," मी म्हटलं.

त्या खो खो हसल्या. मग मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या भागाचं कच्चं छापलेलं पान मागवलं. तेच ते झिजलेले गोटे. त्यांनी ते पान धडाधड वाचून दाखवलं, कुठेही न अडखळता. "काय अडलं सांगा की. दोनचार अक्षरं झिजली म्हणून वाचता येत नाही होय?"

मी हात चोळत बसलो. त्यांना खरंच वाचता येत होतं! राग होता, पण पुरावा नव्हता. हौसाबाई लोणंदला पायरीवर, आणि मी इथे तिची वकिली करायला निघालेला.

तेवढ्यात वाळत घातलेल्या कागदांकडे माझं लक्ष गेलं. दोरीवर एका जत्रेच्या कानडी जाहिराती लटकत होत्या. सरहद्दीपलीकडच्या गावांची अशी कामं गौराक्कांकडे येतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे कानडी खिळ्यांची एक जुनाट पेटी आहे. कानडीत कितीतरी अक्षरं एवढ्याशा फटीनं वेगळी होतात. आमच्या कारखान्यात तीही ओततात, म्हणून मला ठाऊक.

"आक्का, हे वाचता येईल तुम्हाला?"

"येईल की. लहानपणी आप्पांनी अक्षरं शिकवली हुती. पुढं सराव न्हाई राहिला." त्यांनी कागद हातात घेतला. पहिला शब्द वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याशी थांबल्या. मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. कागद उजेडाकडे धरला. पान चघळायच्या थांबल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"विसरले हो मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझंच डोकं न्हाई चालत आता."

"तुमचं डोकं ठणठणीत आहे," मी म्हटलं. "खिळा झिजलाय."

मी पिशवीतून आमच्या कारखान्याचा कानडी नमुन्याचा कागद काढला आणि तिथली अक्षरं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती एकामागून एक ओळखली. मग जाहिरातीतला तिसरा शब्द पुन्हा बघितला आणि या खेपेला तो त्यांना लागला. त्यांच्या आप्पांच्याच गावचं नाव होतं ते.

"अय्यो," एवढंच त्या म्हणाल्या. मग उठल्या, कमरेचा जुडगा काढला आणि कुलपात ठेवलेली नव्या खिळ्यांची पेटी उघडली. तिथेही एक लग्नपत्रिका जुळवून तयार होती.

"ही सोडा," त्यांनी जुळाऱ्याला हुकूम केला. "पत्रिका जुन्या खिळ्यांत घ्या. पाहुणे काय वाचून येत न्हाईत. जेवण कवा हाय ते त्यांना बरोबर कळतंय."

अंकलिपीचं पहिलं पान माझ्यासमोर माझ्या अक्षरात जुळलं. खिळ्यांना लावलेलं हळद-कुंकू मी स्वतः ब्रशनं घासून काढलं, आणि गौराक्का "जरा तरी राहू द्या की, शकुनाचं" म्हणत बाजूला उभ्या राहिल्या. पान छापून निघालं. ध तो ध, घ तो घ. त्यानंतर मी भडंग खाल्लं, आणि असं भडंग मी पूर्वी कधी खाल्लं नव्हतं. पुण्याला परतण्याआधी ते पान घेऊन लोणंदला उतरायचं होतंच.

पुन्हा लोणंद

हौसाबाई पायरीवरच होती. मी पान तिच्यापुढे धरलं. तिनं हात पदराला पुसले, पण पान घेताना मान हलवली. "कशाला उगं? माजं न्हाई व्हायचं."

"एकदा बघा तरी."

तिनं बोट ठेवलं. "ध... न... ग... र. धनगर." बोट थांबलं, पुढे सरकलं. "घ... री. घरी. आला." ती परत मागे गेली, ध वर बोट ठेवलं, मग घ वर, मग पुन्हा ध वर. "बा... ई. बाई. भा... क... र. भाकर. वा... ढ. वाढ." मग तिनं सगळं एका दमात म्हटलं, "धनगर घरी आला. बाई, भाकर वाढ."

मास्तरांच्या मंडळी टाळ्या वाजवायला लागल्या. मी तयारीत होतो. आता ही बाई दोन गोड शब्द बोलेल, आणि एवढ्या धावपळीचं सार्थक होईल, असं मला वाटत होतं.

"म्हंजी माजं डोस्कं दगूड नव्हतं?" तिनं विचारलं.

"मुळीच नव्हतं."

"मग दोन म्हैनं मी पोरीबाळींत खाली मान घालून बसले, ते कशापायी?" तिचा आवाज चढला. "तिकडं माजा ल्योक म्हशीचं इचारत ऱ्हायला, ते कशापायी? आवं मास्तर, मी इचारलं हुतं तुमाला! दोन येळा इचारलं हुतं! आन तुमी पावणं, तुमी कोरलंसा न्हवं ह्ये? मग छापून गावात आल्याव बगाया आलासा? आदी का न्हाई आलासा?"

दादासाहेबांवर मी ओरडलो होतो, पोपटांवर, हळदीवर ओरडलो होतो. लोणंदपासून सांगलीपर्यंत मिरवत नेलेला तो सगळा राग तिच्या रागापुढे हौशी वाटायला लागला. तिचे दिवस गेले होते, माझे नाही. मास्तर खांबाला टेकून उभे राहिले.

मग ती म्हणाली, "येक कार्ड द्या."

मास्तरांच्या मंडळींनी पोस्टकार्ड आणि पेन्सिल दिली. हौसाबाई पायरीवरून उठून आत आली, बायकांच्या ओळीत मांडी घालून बसली, आणि पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कार्ड ठेवलं. वर्ग थांबला. एकेक अक्षर ती काढी, छापलेल्या पानावरच्या अक्षराशी ताडून बघी, आणि मग पुढचं काढी. लिहून झाल्यावर तिनं कार्ड मास्तरांकडे दिलं. मीही वाकून पाहिलं. वाकड्या, मोठ्या, पण स्वच्छ अक्षरांत एवढंच होतं:

मी वाचती. तू खरं लिव.

मास्तर पेन्सिल घेऊन दुरुस्ती करायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

"बरं, राहू दे," ते म्हणाले. "पण हौसाबाई, अहो, वर चार ओळी खुशालीच्या तरी लिहा."

"खुशाली चावडी लिवंल," हौसाबाई म्हणाली, आणि कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं.